लिफ्ट बसवणाऱ्या इंजिनियरनं सुचवलं, जमिनीलाच अँटेना करा. पुढं झालं असं की...

मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी लावायला गेलात आणि फोन कट झाला, हा अनुभव प्रत्येकानं घेतलाय. डोक्यावर जरा माती आणि काँक्रीट आलं की रेंज गायब. म्हणूनच रेडिओ लहरी आणि जमीन यांचं जमत नाही, अँटेना जितका उंच तितका चांगला, हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. दूरदर्शनच्या जमान्यात कौलांवर चढून अँटेना फिरवलेल्या पिढीला तर हे वेगळं सांगायलाच नको.

पण १९६८ साली अमेरिकेच्या नौदलानं नेमकी उलटी योजना पुढं आणली. टॉवर नाही, मनोरा नाही. तर सुमारे ९,६०० किलोमीटर लांबीची केबल जमिनीत पुरायची आणि त्या पुरलेल्या केबलमधून संदेश पाठवायचा. तो संदेश जमिनीतून हवेत येणार, हवेतून अर्ध्या जगाचा प्रवास करणार आणि समुद्रात शंभर मीटर खाली लपलेल्या पाणबुडीला ऐकू जाणार.

हे ऐकून कुणीही म्हणेल की सांगणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही.

या योजनेमागची मूळ कल्पना ज्या माणसाची होती, त्याच्याबद्दल लोक आयुष्यभर हेच म्हणत आले होते. तो माणूस रेडिओ इंजिनियर नव्हता. त्याच्याकडं भौतिकशास्त्राची पदवीही नव्हती. तो अथेन्समध्ये इमारतींना लिफ्ट बसवायचा.

त्याचं नाव निकोलस ख्रिस्तोफिलोस.

जन्म अमेरिकेत, धंदा ग्रीसमध्ये

१६ डिसेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एका ग्रीक कुटुंबात निकोलसचा जन्म झाला. तो सात वर्षांचा असताना आईवडील गाशा गुंडाळून मायदेशी परतले. पुढचं सगळं शिक्षण अथेन्समध्येच झालं. १९३८ साली तिथल्या राष्ट्रीय तंत्र विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं आणि १९४१ साली जर्मन सैन्यानं ग्रीस ताब्यात घेतलं. नव्या इमारतीच उभ्या राहात नव्हत्या तर लिफ्ट कोण बसवणार? कंपनीत जर्मन सैन्याचे ट्रक दुरुस्त व्हायला लागले आणि ख्रिस्तोफिलोस त्या कामावर देखरेख करायला लागले.

कामाचा फारसा ताण नव्हता. रिकामा वेळ भरपूर होता. आणि जर्मन भाषेतली भौतिकशास्त्राची पुस्तकं मिळत होती.

त्यांनी ती वाचून काढली. गुरू नाही, प्रयोगशाळा नाही, चर्चा करायला सोबती नाही. अणूचं पोट फोडून आत काय आहे ते बघायची यंत्रं कशी चालतात, हे हा माणूस ट्रकच्या शेडमध्ये बसून शिकला. युद्ध संपल्यावर त्यांनी लिफ्टचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. दिवसा लिफ्ट, रात्री अणुविज्ञान असा दिनक्रम सुरू झाला.

पत्र आलं, बाजूला ठेवलं

१९४८ साली त्यांनी थेट अमेरिकेतल्या बर्कली इथल्या नामांकित प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राची, म्हणजे ॲक्सिलरेटरची, एक नवी कल्पना त्यात होती. तिथून उत्तर आलं आणि त्यात कल्पनेतल्या चुका दाखवून दिल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. ख्रिस्तोफिलोस यांनी चुका समजून घेतल्या आणि वर्षभरात दुसरी कल्पना शोधून काढली.

ती समजायला सोपी आहे. वेगानं पळणारे कण एका बारीक झोतात ठेवायचे असतील तर त्यांना चुंबकांनी सतत आत ढकलावं लागतं. पण एक चुंबक एका बाजूनं झोत आवळतो तेव्हा दुसऱ्या बाजूनं तो पसरवतो. मग करायचं काय? आवळणारा आणि पसरवणारा असे चुंबक एकाआड एक लावायचे. चष्म्याच्या दुकानातलं बहिर्गोल आणि अंतर्गोल भिंग ठरावीक अंतरावर एकामागं एक धरलं की प्रकाश शेवटी एकत्रच येतो, तसाच हा प्रकार. झोत बारीक झाला की यंत्राची नळी बारीक, चुंबक लहान आणि खर्चही कमी.

हे पत्रही बर्कलीला गेलं. तिथल्या लोकांना ते नीट कळलं नाही. ते बाजूला पडलं. ख्रिस्तोफिलोस यांनी मात्र एक शहाणपणाचं काम केलं होतं. १९५० साली त्यांनी ग्रीस आणि अमेरिका अशा दोन्हीकडं पेटंटसाठी अर्ज टाकून ठेवला.

१९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या अर्नेस्ट कुरंट, स्टॅनली लिव्हिंग्स्टन आणि हार्टलँड स्नायडर या तिघांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली आणि छापली. जगभर वाहवा झाली. १९५३ साली ख्रिस्तोफिलोस अमेरिकेत आले, तेव्हा ग्रंथालयात ते नियतकालिक त्यांच्या हाती लागलं. आपलीच कल्पना, दुसऱ्यांच्या नावानं.

ते सरळ ब्रुकहेवनला जाऊन उभे राहिले आणि पेटंटचे कागद समोर ठेवले.

इथं मात्र शास्त्रज्ञांनी मोठेपणा दाखवला. कल्पना आधी ख्रिस्तोफिलोस यांचीच होती, हे त्यांनी जाहीरपणे छापून मान्य केलं. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं त्यांना १०,००० डॉलर दिले आणि ब्रुकहेवननं नोकरी दिली. आज जिनिव्हाजवळ जमिनीखाली असलेल्या सर्नच्या अवाढव्य यंत्रातही कणांचा झोत आवळायला हेच तत्त्व वापरतात.

लिव्हरमोरचा झपाटलेला माणूस

१९५६ साली ते कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत गेले. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी पृथ्वीवर तयार करायची, या ध्यासानं त्यांनी ॲस्ट्रॉन नावाचं यंत्र उभं करायला घेतलं. तासन् तास काम, थोडी झोप आणि एकामागून एक अचाट कल्पना. सहकाऱ्यांमध्ये ते वेडा ग्रीक म्हणूनच ओळखले जायचे. पण या वेड्याचं म्हणणं खरं निघतं, हे आता लोकांना माहीत झालं होतं.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. रशियाची क्षेपणास्त्रं आता आपल्या डोक्यावर पडू शकतात, हे उघड झालं. ख्रिस्तोफिलोस यांनी सुचवलं की अवकाशात अणुस्फोट केला तर त्यातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहतील आणि पृथ्वीभोवती त्यांचं कवच तयार होईल.

अमेरिकेनं हे खरंच करून बघितलं. २७ ऑगस्ट, ३० ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर १९५८ असे तीन छोटे अणुस्फोट दक्षिण अटलांटिक समुद्राच्या वर, अवकाशात केले गेले. या गुप्त मोहिमेचं नाव होतं आर्गस. इलेक्ट्रॉन अडकले, पट्टा तयार झाला, ख्रिस्तोफिलोस यांचं गणित बरोबर निघालं. फक्त कवच क्षेपणास्त्रं अडवण्याइतकं दाट नव्हतं आणि फार टिकलंही नाही.

त्याच १९५८ च्या उन्हाळ्यात संरक्षण खात्याच्या अडचणींवर विचार करायला वॉशिंग्टनमध्ये काही निवडक शास्त्रज्ञांची बैठक भरली. ख्रिस्तोफिलोस तिथं होते. आणि तिथंच नौदलाचा एक जुना प्रश्न चर्चेला आला.

पाणबुडीला निरोप द्यायचा कसा?

अमेरिका तेव्हा अण्वस्त्रं घेऊन फिरणाऱ्या पाणबुड्या तयार करत होती. त्यातली पहिली, यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन, १९६० च्या अखेरीस गस्तीला निघाली. या पाणबुडीची सगळी ताकद एकाच गोष्टीत होती, ती म्हणजे ती कुठं आहे हे कुणालाच कळू नये. शत्रूनं अख्खा देश बेचिराख केला तरी समुद्रात दडलेली पाणबुडी उलट वार करेल, या भीतीनंच शत्रू पहिला वार करणार नाही. अणुयुद्ध टाळण्याचा सगळा हिशेब या धाकावर उभा होता.

पण मग पाणबुडीला आदेश कसा द्यायचा?

समुद्राचं खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. आणि जी गोष्ट वीज चांगली वाहून नेते, ती रेडिओ लहर गिळून टाकते. लहर आत शिरली की तिच्यामुळं पाण्यात विजेचे प्रवाह सुरू होतात आणि लहरीची ऊर्जा त्यातच संपते. लहर जितक्या वेगानं थरथरते, म्हणजे तिची फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी ती लवकर संपते.

आकड्यांत बघा. जगभरातली नौदलं पाणबुड्यांसाठी व्हीएलएफ नावाच्या लहरी वापरतात. भारतीय नौदलाचा असा तळ तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन. या लहरी सेकंदाला साधारण २०,००० वेळा थरथरतात. समुद्रात पावणेदोन मीटर खाली जाईपर्यंत त्यांचा जोर जवळपास एक तृतीयांशावर येतो. पुढच्या पावणेदोन मीटरनंतर त्याचाही एक तृतीयांश. म्हणजे संदेश ऐकायला पाणबुडीला पृष्ठभागाजवळ यावं लागतं, नाहीतर मागं लांब वायर तरंगत ठेवून हळूहळू जावं लागतं. दोन्हीत पकडलं जायचा धोका.

ख्रिस्तोफिलोस यांनी प्रश्न उलटा केला. सेकंदाला २०,००० थरथरी जास्त होतात? मग शंभरच्याही खाली आणा.

सेकंदाला ७६ वेळा थरथरणारी लहर समुद्रात सुमारे २९ मीटर गेल्यावर तिचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास येतो. शंभर मीटर खोलीवरही वरच्या जोराच्या तीन टक्के शिल्लक राहतात. संवेदनशील रिसीव्हरला तेवढे पुरतात. पाणबुडीनं वर यायचीच गरज नाही.

कागदावर हे झकास होतं. अडचण वेगळीच होती. या लहरीची लांबी सुमारे ३,९५० किलोमीटर येते, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनही मोठी. चांगला अँटेना लहरीच्या निदान एक चतुर्थांश उंचीचा असावा लागतो. मग काय हजार किलोमीटर उंच मनोरा बांधायचा?

जमीनच अँटेना

वायर जमिनीत पुरून रेडिओ चालवायची धडपड त्याआधीही झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेरिलँडमधल्या जेम्स हॅरिस रॉजर्स यांनी जमिनीत आणि पाण्यात वायरी पुरून लांबवरचे संदेश पकडले होते आणि अमेरिकी नौदलानं ती पद्धत वापरलीही होती. रॉजर्स यांची समजूत अशी होती की लहरी जमिनीच्या पोटातून प्रवास करतात. ते काही खरं नव्हतं. लहर लांबचा प्रवास हवेतूनच करते. जमिनीवरून सरकताना ती किंचित कलते आणि तिचा थोडा भाग खाली मातीत झिरपतो, तोच पुरलेल्या वायरला मिळतो.

ऐकताना हे चालून जातं. पण पुरलेल्या वायरमधून संदेश बाहेर कसा पाठवायचा?

ख्रिस्तोफिलोस यांची कल्पना समजून घ्यायला तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. बेसमेंटमध्ये फोन कट होतो कारण मोबाईलची लहर सेकंदाला अब्जाच्या घरात थरथरते. तिच्यासाठी माती म्हणजे भिंत. पण ७६ च्या लहरीला कठीण, कोरडा खडक जवळपास पारदर्शक असतो. विस्कॉन्सिनसारख्या ठिकाणी तिचा जोर एक तृतीयांशावर यायला चारेक किलोमीटर खडक ओलांडावा लागतो. चार किलोमीटरपुढं दोन मीटर मातीचा काय पाड? खिडकीच्या काचेनं उन्हाला जितका अडथळा होतो, तितकाही तो नाही. त्यामुळं केबल जमिनीवर ठेवा की दोन मीटर खाली पुरा, लहरीला फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट. केबल सगळीकडून रबरानं झाकलेली असते, फक्त दोन टोकं उघडी आणि खडकात खोलवर गाडलेली. एका टोकातून वीज जमिनीत उतरते आणि खडकातून वाट काढत दुसऱ्या टोकाला परत येते. म्हणजे एक मोठा फेरा तयार होतो. त्याची वरची बाजू केबल आणि खालची बाजू खुद्द पृथ्वी.

आता खरी गंमत. जमीन ओली, वीज चांगली वाहून नेणारी असेल तर परतीची वीज आळस करते. ती केबलच्या अगदी खालून, जवळच्या वाटेनं परत येते. वर जाणारा प्रवाह एका दिशेला आणि त्याच्या लगेच खाली उलट्या दिशेला दुसरा, त्यामुळं दोघांचा परिणाम एकमेकांना खोडून टाकतो. बाहेर काहीच पडत नाही. पण जमीन कठीण खडकाची, वीज नकोशी वाटणारी असेल तर परतीची वीज पसरत पसरत काही किलोमीटर खोल जाते. दोन प्रवाह लांब गेले की एकमेकांना पुरतं खोडू शकत नाहीत. जे उरतं, ते चुंबकीय क्षेत्र बनून जमिनीवर हवेत येतं आणि लहर म्हणून निघून जातं.

म्हणजे अँटेनासाठी जी जमीन सगळ्यात वाईट समजली जायची, तीच इथं सगळ्यात चांगली ठरली. पुरलेली केबल म्हणजे अँटेनाचं एक टोक होतं. उरलेला अँटेना म्हणजे चार-पाच कोटी नव्हे, तर अब्जावधी वर्षं जुना खडक.

तिसरी गोष्ट. हवेत आलेली लहर जाते कुठं? खाली पृथ्वी आणि वर ७०-८० किलोमीटरवर आयनोस्फिअर नावाचा विद्युतभारित थर. दोन्ही तिला परत आत ढकलतात. या दोन भिंतींमधल्या पोकळीतून ती फारशी न थकता हजारो किलोमीटर जाते. जाता जाता खालच्या समुद्रात झिरपत राहते. पाणबुडी जगात कुठंही असो, तिच्या डोक्यावरून ती जातेच.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर लांब वायर टाकून चाचणी झाली. हजारो किलोमीटरवरच्या पाणबुडीनं संदेश पकडला. वेड्या ग्रीकाचं म्हणणं परत एकदा खरं निघालं.

विस्कॉन्सिनचे शेतकरी आडवे आले

कल्पना ख्रिस्तोफिलोस यांची, पण पुढचा आराखडा नौदलाचा. त्याला नाव दिलं सँग्विन. अणुहल्ला झाला तरी यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे, म्हणून सगळं जमिनीखाली न्यायचं ठरलं. विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात हवा तसा प्राचीन खडक होता. तिथं केबलचं जाळं, जमिनीखाली शंभर वीजघरं, एकूण ८०० मेगावॅट वीज. जाळ्याखाली जाणारी जमीन होती राज्याच्या सुमारे दोन पंचमांश.

१९६९ साली क्लॅम लेक नावाच्या जंगलातल्या गावाजवळ चाचणी केंद्र उभं राहिलं. तिथं प्रत्येकी २२ किलोमीटरच्या दोन वायरी अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेद देत होत्या. आणि लोक बिथरले.

त्यांचे प्रश्न साधे होते. जमिनीतून वीज फिरवणार, तर शेताच्या तारेच्या कुंपणात ती उतरणार नाही का? फोनच्या लाइनमध्ये खरखर येईल त्याचं काय? गुरांना, झाडांना, माणसांना काही होणार नाही याची हमी कोण देणार? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, शत्रूला पहिला बॉम्ब टाकायला आपण आपलंच घर दाखवून देतोय का?

कुंपणात आणि फोनच्या तारांमध्ये वीज उतरण्याची शंका खोटी नव्हती, नौदलाला त्यावर उपाय करावे लागले. आरोग्याबद्दल पुढं अनेक वर्षं अभ्यास झाले, त्यांत ठोस नुकसान आढळलं नाही. पण शेवटच्या प्रश्नावर तंत्रज्ञानाकडं उत्तर नव्हतं. विस्कॉन्सिनचेच सिनेटर गेलॉर्ड नेल्सन विरोधात उतरले. हे तेच नेल्सन, ज्यांनी १९७० मध्ये वसुंधरा दिन सुरू केला.

योजना विस्कॉन्सिनमधून बाहेर गेली, टेक्सासला फिरून मिशिगनला आली. प्रत्येक ठिकाणी विरोध झाला. प्रत्येक वेळी आकार कमी झाला, नाव बदललं. दरम्यान रशियाची अण्वस्त्रं इतकी वाढली की जमिनीखालची शंभर वीजघरंही टिकणार नाहीत, हे नौदलालाही कळून चुकलं.

५५ व्या वर्षी थांबलेलं इंजिन

ख्रिस्तोफिलोस यांनी यातलं बरंचसं पाहिलं नाही.

लिव्हरमोरमध्ये त्यांचं ॲस्ट्रॉन अपेक्षेप्रमाणे चालत नव्हतं. वर्षामागून वर्षं गेली, पैसा गेला, हवं तितकं दाट इलेक्ट्रॉनचं कडं काही तयार होईना. पैसे देणारे वैतागले होते, मुदती लागत होत्या. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना खोटं पाडलं, त्याला स्वतःच्या सगळ्यात आवडत्या यंत्रापुढं हात टेकायची वेळ आली होती. त्यांनी कामाचा वेग आणखी वाढवला.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. वय ५५. पुढच्याच वर्षी ॲस्ट्रॉन बंद करण्यात आलं. मात्र त्यासाठी त्यांनी बनवलेला इंडक्शन प्रकारचा ॲक्सिलरेटर मागं राहिला आणि ते तंत्र आजही प्रयोगशाळांमध्ये वापरात आहे.

शेवटी उरले ८ वॅट

१९८१ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका छोट्या आवृत्तीला मंजुरी दिली. १९८५ साली क्लॅम लेकचं केंद्र कामाला लागलं आणि १९८९ साली मिशिगनमधलं दुसरं. हजारो किलोमीटरऐवजी दोन्ही मिळून सुमारे १३५ किलोमीटर वायर. तीही पुरलेली नाही, तर विजेच्या तारांसारखी खांबांवरून नेलेली, फक्त टोकं खडकात खोल गाडलेली. अणुहल्ल्यात ती टिकणार नव्हती, पण अँटेना म्हणून काहीच फरक पडला नाही. कारण अँटेनाचा मोठा भाग तसाही जमिनीतच होता.

ती चालायची कशी ते ऐका. आत जायची सुमारे २६ लाख वॅट वीज. लहर बनून बाहेर पडायचे जेमतेम ८ वॅट. बाकी सगळी वीज वायर आणि खडक तापवण्यात जायची. आठ वॅट म्हणजे आपल्या घरातला एक एलईडी बल्ब. त्या बल्बाएवढ्या ताकदीवर अर्ध्या जगातल्या समुद्राखालच्या पाणबुड्यांना हाक जायची.

वेगही बेताचाच. तीन अक्षरांचा संकेत पोचायला पंधरा मिनिटं लागायची आणि पाणबुडीला उलट उत्तर देता यायचं नाही. थोडक्यात ती दाराची घंटी होती. घंटी वाजली की पाणबुडीनं वर यायचं आणि लांबलचक निरोप दुसऱ्या मार्गानं घ्यायचा. रशियानंही कोला द्वीपकल्पावर अशीच यंत्रणा उभारली, तिचं नाव झेव्हस.

क्लॅम लेकपुढची निदर्शनं काही थांबली नाहीत. शांततावादी लोक करवती घेऊन खांब कापायचे आणि तुरुंगात जायचे. अखेर सप्टेंबर २००४ मध्ये नौदलानं दोन्ही केंद्रं बंद केली.

ज्या यंत्रणेचं खरं काम जगाच्या शेवटच्या दिवशी होतं, तिच्यावर तो दिवस कधी आलाच नाही. तिला विरोध करणाऱ्यांनाही तेच हवं होतं आणि बांधणाऱ्यांनाही.

ख्रिस्तोफिलोस यांची बहुतेक कल्पना आधी वेडगळ वाटली, मग गणितात बरोबर निघाली आणि शेवटी व्यवहारात अर्धीमुर्धीच उतरली. पण जमिनीकडं बघायची नजर त्यांनी बदलली. पुढच्या वेळी बेसमेंटमध्ये रेंज गेली तर दोष मातीला देऊ नका. ती लहर अडवते हे खरं, पण लहर पुरेशी संथ असेल तर तीच माती वाट देते आणि खालचा खडक स्वतःच अँटेना होतो.